नर्सिंगच्या थिअरीज वॉर्डात कुठे असतात?

इंदूरमध्ये एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून जीन वॉटसनपर्यंतच्या नर्सिंगच्या थिअरीज आम्ही पाठ करतो, केअर प्लॅनला त्यातली एखादी लावतो, पण वॉर्डात कुणीच त्यांचं नाव काढत नाही, असं का? नर्सिंग हे स्वतंत्र विज्ञान आहे की वैद्यकाचाच सोपा केलेला भाग? आणि डायबेटिक फूटवरच्या (मधुमेहात पायाला होणाऱ्या त्रासावरच्या) डिझर्टेशनसाठी गाईड 'कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क', म्हणजे विचाराची चौकट, 'टाका' म्हणतात, तर कुठलं टाकू?

मधला प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर पटलं तर बाकीचे दोन्ही सोपे होतील.

नर्सिंग स्वतंत्र विज्ञान आहे असं मी मानते, आणि ते थिअरीजची यादी लांब आहे म्हणून मानत नाही. कुठलंही शास्त्र वेगळं ठरतं ते त्याच्या प्रश्नावरून. या शरीरात काय बिघडलं आणि ते दुरुस्त कसं करायचं, हा डॉक्टरांचा प्रश्न. हा माणूस या बिघाडासकट आजचा दिवस आणि पुढचे सहा महिने कसा जगणार, आणि त्यातलं काय त्याला एकट्याला जमत नाहीये, हा आपला प्रश्न. दोन्ही प्रश्न एकाच कॉटपाशी उभं राहून विचारले जातात, म्हणून बाहेरच्याला ते एकच वाटतात. दुर्दैवाने आपल्यापैकीही पुष्कळांना तसंच वाटतं.

बेडसोअरचं, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचं, उदाहरण बघा. माझ्या मते नर्सिंग विज्ञानाचं याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. पाठीला स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची, ही 'बॅक केअर' पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. इंग्लंडमध्येही प्रत्येक वॉर्डाचा स्वतःचा लेप होता, कुठे अंड्याचा पांढरा बलकसुद्धा. डोरीन नॉर्टन या नर्सने सहकाऱ्यांसोबत वृद्धांच्या वॉर्डात पद्धतशीर निरीक्षणं केली, आणि 1962 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसलं की लेपापेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलणं महत्त्वाचं. जखम व्हायच्या आधीच कुणाला धोका आहे हे ओळखता यावं म्हणून त्यांनी शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणं-फिरणं, अंग हलवता येणं आणि लघवी-संडासवरचा ताबा अशा पाच गोष्टींना गुण दिले. पुढे 1987 मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची सहा घटकांची मोजपट्टी आली. त्यांनी आधी विचाराची चौकट मांडली होती. दाब किती आणि किती वेळ हा एक भाग, तो दाब सोसण्याची त्वचेची ताकद किती हा दुसरा. मोजपट्टी त्या चौकटीतून निघाली. लाल झालेली जागा चोळू नये, हेही आता आपण जाणतो. यात औषध नाही की ऑपरेशन नाही. प्रश्न नर्सने विचारला, निरीक्षण नर्सने केलं आणि उपायही नर्सच्याच हातातला.

आता पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. आयसीयूत हँडओव्हर देताना सिस्टर जेव्हा 'ब्रेडन चौदा, दोन तासांनी पोझिशन' असं सांगते, तेव्हा ती थिअरीच बोलत असते. तिला कुणाचं नाव घ्यायची गरज पडत नाही. वॉर्डात रुजलेल्या थिअरीचं नाव सहसा पुसलं जातं आणि तिचा फॉर्म, तिचा चार्ट, तिची सवय मागे राहते. नावानिशी जिवंत राहतात त्या बहुतेक परीक्षेतल्या.

उरलेलं निम्मं उत्तर मात्र आनंदाचं नाही. ते समजायला थोडा इतिहास लागतो.

नाइटिंगेलबाईंचं नर्सिंगवरचं पुस्तक 1859 चं. निसर्ग रोग्याला बरं करतो, त्याला ते करता येईल अशा स्थितीत रोग्याला ठेवणं हे नर्सिंगचं काम, ही त्यांची मूळ भूमिका. म्हणून हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, अन्न. गंमत अशी की रोगाच्या कारणाबद्दल त्यांची समजूत चुकीची होती. रोग कुजक्या हवेतून होतो असं त्या मानत, आणि संसर्गाच्या कल्पनेवर त्यांचा बराच काळ विश्वास नव्हता. तरीही 1855 च्या मार्चमध्ये सॅनिटरी कमिशनने स्कुटारीच्या (तुर्कस्तानातल्या, क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या, जिथे बाई काम करत होत्या त्या) इस्पितळाची गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. बाईंनी ते आकडे जपले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. कारणमीमांसा चुकली, पण निरीक्षण आणि मोजमाप इतकं काटेकोर होतं की कृती बरोबर ठरली. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे बराच वेळ थांबेल. तुम्हीही थांबा. परीक्षेत 'एन्व्हायर्न्मेंटल थिअरी'चे मुद्दे लिहून पुढे पळू नका.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं आपल्या व्यवसायाने स्वतःला सिद्धांताच्या भाषेत मांडलंच नाही. ट्रेनिंग होतं, शिस्त होती, सेवाभाव होता, आणि हुकूम डॉक्टरांचा. हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांचं नर्स-रुग्ण नात्यावरचं पुस्तक 1948 मध्ये लिहून तयार होतं, ते छापलं गेलं 1952 मध्ये. सहलेखक म्हणून डॉक्टरचं नाव नसताना एका नर्सने असं पुस्तक काढणं तेव्हा प्रकाशकांना रुचणारं नव्हतं. नर्सचं पेशंटशी बोलणं हाच उपचाराचा भाग आहे, असं त्या पुस्तकात म्हटलं होतं. त्याच 1952 साली अमेरिकेत नर्सिंग संशोधनाचं पहिलं नियतकालिक निघालं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं गर्दीची. नर्सिंग विद्यापीठात शिरलं, आणि विद्यापीठ विचारू लागलं की तुमचं स्वतःचं ज्ञान कोणतं? तोवर नर्सिंगमध्ये पीएच.डी.ची सोय फार थोडी, म्हणून या बायका समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र शिकून आल्या आणि तिथली बी इथे पेरू लागल्या. कॅलिस्टा रॉय यांनी मुलांच्या वॉर्डात लहानग्यांची परिस्थितीशी जुळवून घेण्याची ताकद पाहिली होती. तिला त्यांनी हॅरी हेल्सन या मानसशास्त्रज्ञाच्या अनुकूलनाच्या कल्पनेची जोड दिली. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणूस बळ, इच्छा किंवा माहिती असती तर स्वतः जे केलं असतं, ते करायला मदत करणं ही नर्सिंगची व्याख्या दिली. त्यात शांत मृत्यूही धरला, हे मला आजही मोठं वाटतं. ओरेम, किंग, न्यूमन, रॉजर्स याच काळातल्या. 1984 मध्ये जॅकलिन फॉसेट यांनी या साऱ्यांचा समान पाया म्हणून व्यक्ती, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग ही चार पदं पक्की केली. तुमच्या नोट्समध्ये ती चौकटीत असतील. ही चार पदं फार ढोबळ आहेत असं माझं मत. 'नर्सिंग' काढून 'फिजिओथेरपी' घाला, वाक्य तसंच उभं राहतं. त्यांचा उपयोग नकाशाच्या कडा दाखवण्यापुरता, आतले रस्ते त्यात नाहीत.

मला त्या काळातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते येल विद्यापीठातल्या जेम्स डिकॉफ आणि पॅट्रिशिया जेम्स या दोन तत्त्वज्ञांचं. 1968 च्या लेखात त्यांनी सिद्धांताच्या चार पायऱ्या सांगितल्या. गोष्टींना वेगळं करून नाव देणं, त्यांचे परस्परसंबंध दाखवणं, एका स्थितीतून दुसरी कशी येते ते सांगणं, आणि हवी ती स्थिती कशी घडवायची ते सांगणं. व्यवसायाचा सिद्धांत चौथ्या पायरीपर्यंत गेला पाहिजे, असं ते म्हणाले. यात फार मोठी गोष्ट दडली आहे. खाली पडणारा दगड पडावा की पडू नये, याबद्दल भौतिकशास्त्राला काही म्हणायचं नसतं. आपल्याला मात्र 'हवी ती स्थिती' आधी ठरवावी लागते. म्हणजे आपल्या विज्ञानाच्या पोटातच मूल्य आहे. हवी ती म्हणजे कुणाला हवी? पेशंटला, डॉक्टरला, मुलाला की हॉस्पिटलला? नर्सिंगचं तत्त्वज्ञान म्हणतात ते इथून सुरू होतं.

बार्बरा कार्पर यांचा 1978 चा लेख हाच धागा पुढे नेतो. नर्सचं जाणणं चार वाटांनी होतं, असं त्या म्हणतात: पुराव्यावर आधारलेलं, नैतिक, स्वतःला ओळखून समोरच्याशी नातं जोडण्यातून येणारं, आणि समोरच्या एकमेव परिस्थितीचा आकार एका नजरेत पकडणारं, ज्याला त्या कलेचं जाणणं म्हणतात. मुलींना हे चार मुद्दे तोंडपाठ असतात. पण रात्रपाळीत ते कसे येतात ते सांगते, कारण हा प्रसंग आपल्या घरांमध्ये नेहमीचा आहे.

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं कुठलंही मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. आजोबांना कॅन्सर आहे, मुलं डॉक्टरांना बाहेर गाठून म्हणतात, "बाबांना सांगू नका, खचतील." रात्री दोन वाजता मुलगा बाकावर झोपलेला असताना आजोबा विचारतात, "सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?" पुरावा सांगतो की बहुतेक पेशंटना कल्पना असते आणि अनिश्चितता माणसाला पोखरते. मर्ल मिशेल यांनी 1988 मध्ये आजारातल्या अनिश्चिततेचा सिद्धांत मांडला, तो याबद्दलच आहे. नीती सांगते की त्यांच्या शरीराबद्दलचं सत्य आधी त्यांचं. पण निदान सांगण्याचा अधिकार तुमचा नाही, आणि कुटुंबाला शत्रू करूनही चालत नाही. स्वतःची ओळख असेल तर घशात आलेली भीती कळते, आणि त्या भीतीपोटी 'काही नाही हो, झोपा आता' म्हणून आपण पळ काढणार आहोत हेही कळतं. चौथी वाट सांगते की आजोबांना या क्षणी निदान हवंय की सोबत हवीय. चांगली सिस्टर स्टूल ओढून बसते आणि विचारते, "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, आजोबा?"

आणि मग नोट्समध्ये काय लिहिते? मला आयुष्यभर छळत आलेली गोष्ट हीच आहे. आपण लिहितो 'जनरल कंडिशन फेअर, नो फ्रेश कम्प्लेंट्स'. एका माणसाने रात्री दोन वाजता स्वतःच्या मरणाबद्दल विचारलं, आणि कागदावर नवी तक्रार काही नाही! ते त्याच्या शब्दांत लिहिलं असतं, तर सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी वाचलं असतं, घरच्यांना बसवून बोलता आलं असतं. पल्स, बीपी, इनटेक-आउटपुटला रकाने आहेत म्हणून ते ज्ञान धरलं जातं. आपल्या प्रश्नाच्या उत्तरांना रकाना नाही, म्हणून ती ड्युटी संपताना सिस्टरबरोबर घरी जातात. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा दुसरा, दुःखाचा भाग तो हा. थिअरी वॉर्डात दिसत नाही कारण तिने जे पाहायला शिकवलं ते आपण लिहीत नाही. मग पुढच्या पाळीला ते मिळत नाही, आणि दहा वर्षांनी संशोधन करणाऱ्या मुलीला तर नाहीच नाही.

मॅडेलिन लायनिंगर यांच्याबद्दल जरा सविस्तर, कारण इंदूरसाठी त्या फार कामाच्या आहेत. 1950 च्या दशकात मानसिक त्रास असलेल्या मुलांसोबत काम करताना त्यांना दिसलं की वेगवेगळ्या संस्कृतींतल्या मुलांना काळजी वेगळी कळते. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीच्या डोंगरात गॅडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या. संस्कृतीच्या बाबतीत नर्सपुढे तीन मार्ग असतात असं त्यांनी मांडलं: जे आहे ते जपणं, वाटाघाट करून जुळवणं, आणि गरज पडली तर नव्याने घडवणं. बाळंतिणीची खोली घ्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, विश्रांती, मालिश हे जपायचं (शुगर वाढलेली असेल तर लाडवांचा हिशेब वेगळा). खोली बंद करून कोळशाच्या शेगडीवर शेक-धुरी, इथे वाटाघाट. शेक घ्या, पण दार-खिडकी उघडी हवी आणि शेगडी बाळापासून लांब, कारण बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो. बाळाला मधाचं बोट आणि गुटी, हे मात्र बदलायलाच हवं. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, कारण त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. हे आजीला कसं सांगायचं? "आजी, मालिश तुमच्यासारखी आम्हाला जमणार नाही, ती तुम्हीच करा" इथून सुरुवात केली तर मधाचं बोलणं ऐकलं जातं.

एमवायसारख्या (इंदूरच्या महाराजा यशवंतराव) सरकारी इस्पितळात धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोनहून माणसं येतात. मनगटाला बडव्याने, म्हणजे भिल्लांच्या मांत्रिकाने, बांधलेला धागा असतो. आयव्ही लावताना तो न विचारता कापणारी नर्स, आणि 'दुसऱ्या हाताला बांधू का?' असं विचारणारी नर्स, या दोघींमध्ये लायनिंगर यांचा अख्खा सिद्धांत आहे. आपण मराठी माणसं या शहरात पिढ्यान् पिढ्या राहतो, हिंदी-माळवी सहज बोलतो. तरी निमाडी बोलणाऱ्या बाईचं दुखणं आपल्याला पूर्ण कळलं, असं गृहीत धरू नका.

पॅट्रिशिया बेनर यांचा 1984 चा नवशिकी ते तज्ज्ञ हा प्रवास तुम्हाला माहीत असेलच. ड्रायफस बंधूंनी बुद्धिबळपटू आणि वैमानिकांवरून मांडलेल्या पाच पायऱ्या त्यांनी नर्सच्या अनुभवकथनांतून तपासल्या. जुन्या सिस्टरचं 'हा पेशंट मला बरा दिसत नाही' हे वाक्य आता कित्येक इस्पितळांत तातडीची टीम बोलावण्याचं अधिकृत कारण मानलं जातं. मात्र अंतर्ज्ञानाला पुराव्याने तपासावंही लागतं, याबद्दल मी कडक आहे.

तो कडकपणा का, ते थेरप्यूटिक टचवरून कळेल. शरीराला न टेकता हात फिरवून 'ऊर्जाक्षेत्र' नीट करायची ही पद्धत 1970 च्या दशकात डोलोरेस क्रीगर आणि डोरा कुन्झ यांनी पसरवली. क्रीगर यांनी आपल्याकडची 'प्राण' ही कल्पना तिला जोडली, आणि मार्था रॉजर्स यांच्या ऊर्जाक्षेत्राच्या भाषेने तिला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली. एमिली रोझा या शाळकरी मुलीने साधा प्रयोग केला. मध्ये पडदा, आणि आपला हात तज्ज्ञाच्या कुठल्या हाताजवळ आहे ते ओळखायचं. 21 तज्ज्ञ, 280 वेळा, बरोबर उत्तरं 44 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो छापला गेला. 'प्राण' शब्द ओळखीचा म्हणून आपण अशा गोष्टीला जास्त गुण देऊ नयेत.

चरकाबद्दलही हेच म्हणेन, जरी मला तो श्लोक फार प्रिय आहे. चिकित्सेच्या चार पायांत परिचारक हा एक, आणि त्याचे गुण चार: उपचाराचं ज्ञान, कौशल्य, रोग्याबद्दल जिव्हाळा आणि स्वच्छता. सेमिनारमध्ये मुली याची सांगड कार्पर यांच्या चार वाटांशी घालतात आणि टाळ्या मिळतात. पण चरक परिचारकात काय असावं ते सांगतो, कार्पर नर्सला कसं कळतं ते सांगतात. आकडा चार आहे एवढंच साम्य. चरकाचा खरा मान राखायचा तर असं विचारा की परिचारकाला स्वतंत्र पाय मानणाऱ्या परंपरेत पुढे परिचारकाने स्वतः लिहिलेलं ज्ञान का दिसत नाही. हात कुणाचे होते आणि लेखणी कुणाची, इथे तो प्रश्न जातो, आणि जात-लिंगाला वळसा घालून त्याचं उत्तर देता येणार नाही.

आपल्या देशात 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं, 1947 मध्ये इंडियन नर्सिंग काउन्सिलचा कायदा आला, 1959 मध्ये दिल्लीत एम.एस्सी. थिअरीज या अभ्यासक्रमांतून तयार मालासारख्या आल्या. त्या ज्या भांडणांतून जन्मल्या ती भांडणं पाठ्यपुस्तकात आली नाहीत, म्हणून त्या पाठ कराव्या लागतात.

आता तुमचं डिझर्टेशन. डायबेटिक फूटला ओरेम यांची सेल्फ-केअर चौकट बसते, आणि बहुतेकजणी तीच घेतात. घ्या, पण तिचं गृहीतक तपासायला घ्या. ओरेम यांचा पेशंट मुख्यतः स्वतःची काळजी स्वतः घेणारा माणूस आहे. तुमच्या ओपीडीतल्या काकांची नखं बायको कापते, जेवण सून करते, इन्सुलिन नातू देतो, आणि सकाळचे पोहे-जलेबी ते मित्रांबरोबर बाहेर खातात. पायाला संवेदना नाही, तरी मे महिन्यात खजराना गणेशाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालतात, घरी येऊन गरम पाण्यात पाय शेकतात, आणि भाजलेलं त्यांना कळतच नाही. इथे 'सेल्फ' कोण? दुसऱ्याची काळजी घेण्याच्या क्षमतेबद्दलही ओरेम यांच्याकडे मांडणी आहे, डिपेंडंट-केअर नावाची. आपल्याकडच्या प्रबंधांत ती क्वचितच वापरली जाते.

म्हणून पेशंटबरोबर घरातल्या त्या एका व्यक्तीलाही सॅम्पलमध्ये घ्या. 10 ग्रॅम मोनोफिलामेंटने (तळपायाला टेकवायच्या नायलॉनच्या तंतूने) संवेदना तपासा. रोज पाय कोण पाहतं, चप्पल कोण आणतं, नखं कोण कापतं, हे दोघांना वेगवेगळं विचारा आणि उत्तरं जुळतात का पाहा. प्रश्नावली हिंदीत करून घ्या, दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करवून मूळाशी ताडा, आणि पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) निदान काही माळवी-निमाडी बोलणारे पेशंट असू द्या. फ्रेमवर्कची आकृती तिसऱ्या पानावर चिकटवून शेवटच्या प्रकरणात तिचा उल्लेखच नसणं, हा दोष परीक्षक सहज पकडतात. तेव्हा निष्कर्षांत ओरेम यांच्या प्रत्येक पदाला तुमचा आकडा काय म्हणतो ते लिहा, न जुळलेलं आधी. गाईडकडे जाताना आकृतीऐवजी एक वाक्य घेऊन जा: 'पेशंटच्या स्वतःच्या क्षमतेपेक्षा घरच्या माणसाची क्षमता पायाच्या काळजीशी जास्त जोडलेली आहे का, हे मी तपासणार आहे.' त्यावर त्या 'हो' म्हणाल्या की मग एथिक्स कमिटीचा फॉर्म भरायला घ्या, आणि घरच्या माणसासाठी वेगळं संमतीपत्र जोडायचं विसरू नका.